कुठल्या थरात रक्त आहे

आबांच्या डोक्यावर डाव्या बाजूला, केसांत शिरलेली एक जुनी खूण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या, भूकंपाच्या पहाटेची. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली, आमचं गाव तिथून लांब नाही. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं, चार वाजायच्या सुमाराला माळवद हाललं आणि दगडमातीच्या भिंतीतला एक दगड आबांच्या डोक्यावर आला. आई अजून सांगते, "धोतर, सदरा, वाकळ, समदं रगतानं भिजलं होतं. मला वाटलं, गेले हे." मदतीला आलेल्या डॉक्टरांनी टाके घातले. थोड्याच दिवसांत आबा डोक्याला पट्टी बांधून शेजारच्या गावात ढिगारे उपसायला गेले.

यंदाच्या येळवशीला त्यांच्या डोक्याला पुन्हा मार लागला. या वेळी रक्ताचा थेंबही दिसला नाही. आणि या वेळी आबा हातचे जायची वेळ आली होती. त्या पहाटे एवढं रक्त जाऊन काही झालं नाही, मग आता साध्या टेंगळानं हे कसं झालं? लातूरच्या रुग्णालयातल्या मेंदूच्या वॉर्डात बसून मला त्याचं उत्तर मिळालं, ते इथं सविस्तर लिहून ठेवते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. कवटीची ८ हाडं, चेहऱ्याची १४, एकूण २२, हे मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेते. पण हाडाच्या खालच्या, कागदाहून थोड्याच जाड पडद्यांवर माणसाचं जगणं-मरणं ठरतं, हे मला वडिलांच्या आजारानं दाखवलं.

येळवस म्हणजे दर्श वेळा अमावास्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. ज्वारी-हरभऱ्याच्या पिकात कडब्याची कोप, तिच्यात पांडव, पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे. दिवस मावळताना आमचं सगळं खटलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आलं. उतरताना आबांचा पाय घसरला आणि कानाच्या वरची बाजू फाळक्याच्या कडेवर आपटली. त्यांनी हातानं चोळलं, "काय नाही झालं" म्हणाले आणि बैलांकडं गेले. उजवीकडं एवढंसं टेंगूळ आलं, दोन दिवसांत बसलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

संक्रांत झाली. त्यानंतर कधीतरी सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय म्हणायला लागले. बाम लावला, चहा घेतला की कमी व्हायचं. मग दिवसा झोपायला लागले. आबा आणि दिवसा झोप, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढं रोजचे अभंग म्हणताना मधलं चरण गळायला लागलं आणि गळलंय हे त्यांना कळेना. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटून पडायची आणि ते तसेच एका पायानं अनवाणी घरी यायचे. ताटात डाव्या बाजूला वाढलेली भाजी तशीच राहायची. एक दिवस दुधाची बादली डाव्या हातातून सुटली.

गावानं आपापली निदानं केली. कुणी म्हणालं, वय झालं, चौऱ्याहत्तर म्हणजे काय थोडं झालं का. कुणी म्हणालं, वारं गेलंय, अमुक गावाला नेऊन औषध पाजा, तिसऱ्या दिवशी पळतील. ही माणसं वाईट नव्हेत, त्यांनी खरोखर काळजीनंच सांगितलं. आई मात्र अडून बसली. "म्हातारपण असं आठ दिवसांत येतंय का? परवा नीट होते, काल येगळे, आज आणखीन येगळे. हे कायतरी दुसरंच हाय." आजारात जवळच्या माणसाचं असं बोलणं किती मोलाचं असतं! ही वाढत जाणारी चढण तिनं ओळखली होती, आणि पुढं डॉक्टरांनीही सगळ्यात आधी तेच विचारलं: किती दिवसांत, आणि वाढतंय का?

औशाच्या डॉक्टरांनी आबांना दोन्ही हात समोर पसरून डोळे मिटायला सांगितलं. डावा हात हळूहळू आत वळत खाली आला. मग त्यांनी विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?" आम्ही सगळे एका सुरात नाही म्हणालो. सोबत आलेला माझा भाचा तेवढा म्हणाला, "येळवशीला ट्रॉलीवर आपटले होते की." डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" होती. हृदयात स्टेंट टाकल्यापासून रोज ॲस्पिरिन. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, "डोक्याचं सीटी स्कॅन, आजच", आणि आम्हाला सरळ लातूरला पाठवलं. एका लेकराची आठवण आणि एका डॉक्टरांचे दोन प्रश्न, यांचं मोल मी कधी विसरणार नाही.

सीटी स्कॅनला फार वेळ लागत नाही. त्या फिल्ममध्ये हाड पांढरं शुभ्र दिसतं, मेंदू करडा, पाणी काळं. ताजं रक्त पांढरट, जुनं होत गेलं की ते आधी मेंदूच्याच रंगाचं आणि नंतर त्याहून काळं दिसतं. आबांच्या उजव्या बाजूला, कवटी आणि मेंदूच्या मध्ये, पुढून मागपर्यंत एक गडद चंद्रकोर पसरलेली होती. मेंदूच्या दोन अर्धांच्या मध्ये विळ्याच्या आकाराचा एक उभा पडदा असतो. मेंदू त्या मध्यरेषेच्या पलीकडं, डावीकडं ढकलला गेला होता. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपैकी उजवी पोकळी जवळजवळ मिटली होती. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू हलवतो. चप्पल, बादली, ताटातली भाजी, सगळ्याचा उलगडा त्या एका फिल्मवर झाला.

सर्जन तरुण होते. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी केस पेपरच्या पाठीमागं पेननं थर काढून दाखवले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

सगळ्यात बाहेर डोक्याची कातडी. तिचेही पाच थर. त्यातल्या दुसऱ्या, घट्ट थरात रक्तवाहिन्या दाट असतात आणि तिथल्या तंतूंनी त्या चहूबाजूंनी धरून ठेवलेल्या असतात. हाताची रक्तवाहिनी कापली की आकसून थोडीफार मिटते, डोक्याची कापलेली वाहिनी या तंतूंमुळं उघडीच राहते. म्हणून डोक्याला खोक पडली की रक्ताचा पूर येतो. किल्लारीच्या पहाटे आईला दिसलं ते या थरातलं रक्त. भयंकर दिसणारं, पण कवटीच्या बाहेरचं. दाबून धरलं, टाके घातले, थांबलं.

त्याखाली हाड. हाडाखाली पहिला पडदा, ड्यूरा, मराठीत दृढतानिका. जाड, चिवट, हाडाला आतून चिकटलेला. त्याच्या आत जालतानिका, पातळ, जाळीसारखे धागे सोडणारी. सगळ्यात आत मृदुतानिका, मेंदूच्या प्रत्येक वळीत उतरून त्याला लगटून असलेली. शेवटच्या दोहोंच्या मध्ये पाणी असतं, मेंदू त्यात तरंगत असतो. मोठ्या माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती मिळून एका वेळी हे पाणी साधारण दीडशे मिलिलिटर, पण दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर तयार होतं आणि तितकंच शोषलं जातं. म्हणजे ते दिवसातून तीन वेळा बदलतं.

आता शिरांचं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा अशुद्ध रक्त घेऊन वर येतात आणि दृढतानिकेच्या दोन पदरांमध्ये, माथ्याच्या मधोमध पुढून मागं गेलेल्या एका मोठ्या पन्हळीत रिकाम्या होतात. मेंदूपासून त्या पन्हळीपर्यंतच्या वाटेत या शिरांना आधार नसतो. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, हाड आणि मेंदूमधलं अंतर वाढतं, शिरा ताणल्या जातात. अशा वेळी डोक्याला हलकासा हिसका बसला तरी एखादी शीर तुटते. शिरेतल्या रक्ताला जोर कमी, त्यामुळं ते दृढतानिकेच्या आत, मेंदूच्या वर सावकाश साठत जातं. ॲस्पिरिन चालू असेल तर थांबायला आणखी वेळ.

मी विचारलं, "मग एवढे दिवस काहीच कसं झालं नाही?"

"मेंदू आकसलेला होता, ताई. आत जागा होती. तीच जागा आधी घात करते आणि तीच काही दिवस वाचवते."

तरुण माणसाच्या कवटीत अशी रिकामी जागा नसते. कवटी बंद पेटी, आत मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच. एक वाढलं की दुसऱ्याला कमी व्हावं लागतं. आधी पाणी सरकतं, मग शिरांतलं रक्त, आणि त्यानंतर मेंदूच दाबला जातो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला सगळ्यात विलक्षण वाटली. तुटलेली शीर कधीच मिटलेली असते. पण साठलेल्या रक्ताभोवती शरीर स्वतःच एक पापुद्रा तयार करतं, भरून काढण्यासाठी. त्या पापुद्र्यात नव्या, नाजूक केशवाहिन्या येतात आणि त्या झिरपत राहतात. त्या थेंबाथेंबानं साठा वाढत जातो, रक्त गोठत नाही, पातळच राहतं. म्हणून मार येळवशीला आणि लक्षणं माघात.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसत होतं. रेशनकार्ड गावातल्या कपाटात. धाकटा भाऊ रात्रीच मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्रानं कार्ड, आधार, स्कॅन सगळं चढवून दिलं आणि मंजुरी आली. दवाखान्याला निघताना रेशनकार्ड पिशवीत टाकायचं, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या सतरंजीवर बसलेल्या नातेवाइकांत एकच प्रश्न फिरत होता: "तुमचं कुटलं?" माझ्या एका बाजूला निलंग्याकडची एक माउली होती. तिचा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता, हेल्मेट नव्हतं. "पडला, उठला, बोलला की वो माझ्यासंगं. चहा पिला. आन मग झोपायलोय म्हणला." कानशिलावर जिथं कवटीची चार हाडं मिळतात तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या खाचेतून दृढतानिकेला रक्त पुरवणारी धमनी जाते. हाड तडकलं की ती धमनी फाटते. धमनीतलं रक्त जोरानं येतं, हाड आणि दृढतानिका यांच्या मध्ये घुसतं, दृढतानिका हाडापासून सोलवत नेतं. हाडांच्या शिवणींपाशी ती घट्ट चिकटलेली असते म्हणून रक्त पुढं पसरत नाही, तिथंच भिंगासारखं फुगतं. मधला तो शुद्धीतला वेळ, बोलण्याचा आणि चहा पिण्याचा, फार फसवा. आमच्याकडं आठवडे होते, तिच्याकडं तास. त्याच रात्री हाडाचा तुकडा काढून रक्त उपसलं आणि धमनी बंद केली. पोरगं वाचलं.

दुसऱ्या बाजूला उदगीरकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या बाईंना कसलाही मार लागलेला नव्हता. भाकरी थापता थापता एका क्षणात डोकं असं दुखलं की जन्मात कधी दुखलं नव्हतं, मग उलटी, मग मान ताठली. त्यांचं रक्त आणखी आतल्या थरात होतं, जालतानिकेखाली, त्या पाण्यात. मेंदूच्या तळाशी मानेतून वर आलेल्या धमन्या एकमेकींना जोडून एक कडं करतात, एखादी वाट अडली तरी दुसरीकडून रक्त मिळावं म्हणून. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं काम समजावून सांगितलं, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. त्या कड्याच्या फाट्यावर धमनीच्या भिंतीला फुगा आला होता, तो फुटला. त्यांना पहाटेच हैदराबादला हलवलं. पुढचं मला कळलं नाही, पण त्या बाईंची आठवण येत राहते.

तीन माणसं एकाच भिंतीच्या आत, तिघांच्या डोक्यात रक्त, आणि तिघांची घड्याळं वेगळी. वेगळेपण फक्त एवढंच, की कोणती वाहिनी फुटली आणि रक्त कोणत्या दोन पडद्यांच्या मध्ये गेलं. शाळेत आम्ही मेंदूची तीन आवरणं एका ओळीत सांगतो आणि पुढं जातो. त्या ओळीवर एक अख्खा तास घालवायला हवा, असं मला त्या रात्री मनापासून वाटलं.

आबांना पूर्ण भूल दिली नाही. हृदयाचा विचार करून गुंगीचं औषध आणि डोक्याची कातडी बधिर करायचं इंजेक्शन, एवढंच. हे शक्य होतं, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते कातडीला, हाडावरच्या आवरणाला आणि दृढतानिकेला. सकाळचं डोकं दुखणंही ताणलेल्या दृढतानिकेचंच होतं. उजव्या बाजूचे केस काढले, दोन छोट्या चिरा दिल्या आणि प्रत्येक ठिकाणी हाडाला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडलं. त्या यंत्राचं पातं हाड संपताच आपोआप थांबतं, आत घुसत नाही. मग दृढतानिकेला फुलीच्या आकाराचा छेद. काळपट तपकिरी, पातळ रक्त दाबानं बाहेर आलं. मिठाच्या पाण्यानं आतली जागा निर्मळ होईपर्यंत धुतली, एक बारीक नळी ठेवली आणि कातडी शिवली. आत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आई जपमाळ धरून बसली होती आणि मी तिच्या हातावर हात ठेवून.

आबा बाहेर आले ते जागे. भावानं विचारलं, "काय कळलं का आबा?" ते म्हणाले, "कळंना व्हय? बोअर मारल्यागत घरघर आली. मला वाटलं, आता पाणी लागतंय." लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दुसरं काय आठवणार! मी आधी हसले आणि मग माझे डोळे भरून आले, कारण ते सरळ, सलग, आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले होते. संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं माझी बांगडी घट्ट धरून दाखवली.

पुढचे दोन दिवस नळी होती. उशी नाही, सपाट झोपायचं, म्हणजे दबलेल्या मेंदूला वर यायला वाव मिळतो आणि उरलेलं रक्त नळीतून निघतं. बाटलीतला रंग आधी गडद, मग फिका होत गेला. नळी काढल्यावर चालवलं. सुटी देताना सर्जननी स्पष्ट सांगितलं की दर दहांपैकी एक-दोघांना हे पुन्हा होतं, तो पापुद्रा आत राहिलेला असतो. त्या पापुद्र्याला रक्त येतं ते बहुतेक दृढतानिकेच्या त्याच मधल्या धमनीच्या फांद्यांतून, म्हणून आता काही मोठ्या शहरांत जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन ती धमनीच आतून बंद करतात, म्हणजे पुन्हा साठण्याचा धोका कमी होतो. म्हणजे निलंग्याच्या पोराचा जीव धोक्यात घालणारी धमनी आणि आबांचा साठा पोसणारी धमनी एकच! ॲस्पिरिन कधी सुरू करायची हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील, आपण मनानं सुरूही करायची नाही आणि स्टेंट असताना मनानं कायमची बंदही करायची नाही, हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं.

शिवरात्रीनंतरच्या स्कॅनमध्ये उजवीकडं पातळशी पट्टी उरली होती. मध्यरेषा जागेवर आली होती. म्हाताऱ्या मेंदूला पुरतं वर यायला महिने लागतात, म्हणाले. आबांचे अभंग परत आले आहेत, संध्याकाळी दमल्यावर क्वचित एखादं चरण अडतं. गोळी दोन्ही डॉक्टरांच्या संमतीनं परत चालू झाली आहे.

घरी आल्यावर बरेच जण भेटायला आले आणि प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवलं. अजून येतात. मी तो केस पेपर काढून दाखवते. डोक्याला लागून दोन-तीन महिने झालेले असले तरी वाढतं डोकं दुखणं, झोप, विसर, एका बाजूचा अशक्तपणा दिसला की स्कॅन करा, असं सांगते. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका काकांचं तोंड सकाळी अचानक वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. त्यांचा मुलगा माझ्याकडं धावत आला, "आबांसारखंच झालंय का वो बाई?" मला कसं कळणार? एवढं मात्र कळलं, की आबांचं आठवड्यांनी वाढत गेलं होतं आणि हे क्षणात झालंय. १०८ ला फोन लावला आणि लातूर गाठलं. स्कॅनमध्ये रक्त कुठंच नव्हतं. त्यांची वाहिनी फुटली नव्हती, गुठळीनं बंद झाली होती. त्यावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आत रक्त नाही याची स्कॅनवर खात्री झाल्याशिवाय देता येत नाही, कारण रक्त असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. काका वेळेत पोचले होते. आता रोज दुपारी पाराजवळ काठी टेकत चालण्याचा व्यायाम करतात, आबा त्यांच्या सोबतीला असतात.